विंडोज ७ मधून लॅन कार्डाचे जुने ड्रायव्हर मुळासकट कसे काढायचे? (वजनकाट्याचा पीसी)

काटाघर_सेलू

नमस्कार मंडळी. सेलूला जिनिंगच्या वजनकाट्यावर विंडोज ७ प्रोफेशनल, ३२ बिट, सर्व्हिस पॅक १ चा पीसी आहे. काट्याचं सॉफ्टवेअर सिरियल पोर्टवरून इंडिकेटरचं (वजनाचा आकडा दाखवणारं यंत्र) वजन घेतं आणि नोंद लॅनवरून ऑफिसच्या पीसीत टाकतं. त्याची सेटअप सीडी आता मिळत नाही, म्हणून फॉरमॅट करता येत नाही.

मे महिन्यात विजा झाल्या तेव्हा मदरबोर्डवरचा लॅन पोर्ट गेला. नंतर पीसीआय लॅन कार्ड बसवलं. मधल्या काळात यूएसबी-लॅन आणि मोबाइलचं टेदरिंगही वापरून झालं. आता कनेक्शनचं नाव "लोकल एरिया कनेक्शन ५" झालंय. १९२.१६८.१.५० हा ठरलेला आयपी टाकला की "हा पत्ता कॉम्प्युटरमध्ये आता नसलेल्या दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे" असा संदेश येतो. कंट्रोल पॅनेलमधून रिअलटेक कंपनीचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढला तरी रिस्टार्ट झाल्यावर तोच ड्रायव्हर, तीच आवृत्ती परत हजर. जळालेला ऑनबोर्ड पोर्ट अजून पिवळी खूण आणि कोड १० (डिव्हाइस सुरू होत नाही) दाखवतोय.

सगळं जुनं काढून एकाच कार्डावर यायचंय. क्रम काय ठेवावा? कापसाची आवक सुरू व्हायच्या आत उरकायचं आहे.

लॅनवाला_नांदेड

दादा, ड्रायव्हर परत का येतो ते आधी समजून घ्या, म्हणजे क्रम आपोआप लक्षात येईल. विंडोज ७ मध्ये एका कार्डाच्या गोष्टी तीन ठिकाणी असतात. पहिली म्हणजे कंट्रोल पॅनेलमधला सेटअप. दुसरी डिव्हाइस मॅनेजरमधली कार्डाची नोंद. तिसरी ड्रायव्हर स्टोअरमधलं पॅकेज, म्हणजे सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हरस्टोअर फोल्डरात फाइलरिपॉझिटरीमध्ये ठेवलेली पूर्ण प्रत. तुम्ही पहिली काढली. विंडोजला कार्ड दिसलं की ते तिसऱ्या ठिकाणाहून ड्रायव्हर उचलून पुन्हा बसवतं. शिवाय काढून टाकलेल्या कार्डांच्या नोंदी मशीनमध्ये तशाच राहतात, त्यांचा आयपीही राहतो. तो संदेश त्यामुळेच येतो.

सुरुवातीची तयारी: आयपीकॉन्फिग /ऑल चालवून पत्ता, सबनेट, गेटवे, डीएनएस कागदावर उतरवून घ्या. नव्या कार्डाचा विंडोज ७ ३२ बिटचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आधीच आणून ठेवा, कारण काम चालू असताना या पीसीवर नेट नसेल. सिस्टम रिस्टोर पॉइंट करा. सिस्टम प्रॉपर्टीज, हार्डवेअर, डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमध्ये "नेव्हर इन्स्टॉल ड्रायव्हर सॉफ्टवेअर फ्रॉम विंडोज अपडेट" निवडा. लॅनची वायर काढून ठेवा.

आता बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा मदरबोर्डचा सेटअप) जाऊन ऑनबोर्ड लॅन डिसेबल करा. हे केल्याशिवाय जळालेला पोर्ट दर रिस्टार्टला नव्याने सापडत राहतो आणि पुढची मेहनत वाया जाते. पीसी बंद करून, पॉवर केबल काढून, पीसीआय कार्डही बाहेर काढा. यूएसबी-लॅन लावलेला नको. म्हणजे विंडोज सुरू झाल्यावर सगळीच कार्डं "नसलेली" ठरतील आणि सगळ्यांच्या नोंदी निवांत काढता येतील.

कंट्रोल पॅनेलमध्ये लॅन कार्डाचे काही सेटअप किंवा युटिलिटी उरल्या असतील तर आधी त्या काढा. मग कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, आणि इंग्रजीत टाइप करा:

सेट डेव्हएमजीआर_शो_नॉनप्रेझेंट_डिव्हायसेस=१

स्पेस फक्त "सेट"नंतर, बाकी अंडरस्कोर. बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे स्पेस गेली तर काहीच होत नाही आणि चूकही दाखवत नाही. त्याच खिडकीत पुढे: स्टार्ट डेव्हएमजीएमटी.एमएससी. डिव्हाइस मॅनेजर स्टार्ट मेनूतून उघडू नका, ही सेटिंग तेवढ्या खिडकीपुरतीच असते. व्ह्यू मेनूत "शो हिडन डिव्हायसेस"वर टिक. नेटवर्क अडॅप्टर्समध्ये फिकट रंगाच्या नोंदी दिसतील.

प्रत्येक फिकट कार्डावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स, यादीतून "आयएनएफ नेम" (ड्रायव्हरच्या माहितीच्या फाइलचं नाव) बघा. ओईएम१२.आयएनएफ असं काही दिसेल, तो नंबर लिहून घ्या. मग अनइन्स्टॉल. "डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर"वर टिक त्या नंबरच्या शेवटच्या नोंदीलाच करा. त्याच नंबरवर दुसरी नोंद उभी असताना पॅकेज नीट निघत नाही.

शेवटी त्याच कमांड प्रॉम्प्टवर पीएनपीयुटिल -ई (ड्रायव्हर पॅकेजांची यादी देणारी विंडोजची कमांड) चालवा. प्रकाशित नाव, प्रोव्हायडर, क्लास, तारीख आणि आवृत्ती अशी यादी येते. नेटवर्क अडॅप्टर्स क्लासचं लिहून घेतलेलं पॅकेज अजून दिसलं तर पीएनपीयुटिल -डी ओईएम१२.आयएनएफ. यादी लांब असेल तर पुढे > लावून टेक्स्ट फाइलमध्ये घ्या आणि नोटपॅडमध्ये वाचा.

फाइलरिपॉझिटरीतलं फोल्डर हाताने उडवू नका. फाइल जाते पण विंडोजच्या हिशेबात पॅकेज राहतं, आणि पुढच्या इन्स्टॉलला ते अडकतं.

सर्व्हिस_लातूर

वरचं सगळं बरोबर. हिडन यादी उघडली की हात सैल सोडू नका, एवढं सांगतो. त्यात डब्ल्यूएएन मिनिपोर्ट नावाच्या बऱ्याच नोंदी दिसतील, एक आरएएस असिंक अडॅप्टरही असेल. हे विंडोजचे स्वतःचे आहेत. मिनिपोर्ट काढले की डायल-अप आणि व्हीपीएन बंद पडतं, आणि ते परत बसवणं लॅन कार्डापेक्षा जास्त किचकट आहे. "मायक्रोसॉफ्ट ६टू४ अडॅप्टर"च्या मात्र खूप प्रती साचलेल्या असतील तर फिकट असलेल्या काढायला हरकत नाही.

आणखी एक जागा बघा. नवं कार्ड बसल्यावर कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये, आयपी व्हर्जन ४ च्या वर, जुन्या अँटिव्हायरसचा किंवा व्हीपीएनचा फिल्टर (नेटवर्कच्या मध्ये बसणारा त्यांचा भाग) उरलेला असतो. मूळ सॉफ्टवेअर गेलेलं, फिल्टर तसाच. विंडोज ७ मध्ये अशा फिल्टरांची मर्यादा मुळात ८ असते (रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, मॅक्सनमफिल्टर्स, जास्तीत जास्त १४). मर्यादा भरली की नव्या व्हीपीएनचा किंवा अँटिव्हायरसचा सेटअप नेटवर्कच्या पायरीवर अडतो आणि दोष कार्डाला दिला जातो. आकडा वाढवण्यापेक्षा उरलेला फिल्टर निवडून तिथेच अनइन्स्टॉल दाबा. त्या अँटिव्हायरसचं स्वतःचं रिमूव्हल टूल मिळालं तर त्याहून चांगलं.

काटाघर_सेलू

करून बघितलं. आठ फिकट नोंदी निघाल्या, त्यात मोबाइलच्या टेदरिंगच्याच तीन. आयपीचा संदेश गेला. पण पीएनपीयुटिलने एक पॅकेज काढलं नाही. "हे आयएनएफ वापरून एक किंवा अधिक डिव्हाइस बसवलेली आहेत" असं म्हणतोय. सगळ्या नोंदी तर काढल्या. -एफ लावून जबरदस्ती करू का?

लॅनवाला_नांदेड

अजून नको. एखादी नोंद नक्की शिल्लक आहे. पीसीआय कार्ड एका स्लॉटमधून दुसऱ्यात गेलं की विंडोज त्याला वेगळं कार्ड धरतं, कारण ओळख स्लॉटच्या जागेवरून बनते. ज्या यूएसबी-लॅनला सिरियल नंबर नसतो त्याचं पोर्ट बदललं की तसंच. अशी जुळी नोंद कधी नेटवर्क अडॅप्टर्सऐवजी "अदर डिव्हायसेस"मध्ये जाऊन बसते.

शोधायला रजिस्ट्रीत एचकेएलएम (एचकी_लोकल_मशीन), सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास उघडा आणि ४डी३६ई९७२ ने सुरू होणाऱ्या फोल्डरात जा. आत ०००० पासून क्रमांक असतात. प्रत्येकात ड्रायव्हरडेस्क म्हणजे कार्डाचं नाव आणि इन्फपाथ म्हणजे ओईएमचा नंबर. तुमचा नंबर जिथे सापडेल त्या नावाची नोंद डिव्हाइस मॅनेजरमध्ये शोधून तिथूनच काढा. रजिस्ट्रीत फक्त वाचायचं, काही डिलीट करायचं नाही. यात मिनिपोर्टही आहेत आणि क्रमांक चुकला तर नेटवर्कच उठत नाही.

हे करूनही निघालं नाही तरच -एफ.

सर्व्हिस_लातूर

नाव "लोकल एरिया कनेक्शन ५" राहिलंच तर काळजी नको. जुन्या नोंदी गेल्यावर मूळ नाव मोकळं होतं, कनेक्शनवर एफ२ दाबून बदला. काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कनेक्शनचं नाव कुठे भरलेलं असेल तर ते अक्षर न अक्षर जुळवा. नेटवर्क सेंटरमध्ये "नेटवर्क २" असं दिसतं तो वेगळा भाग आहे, तो "मर्ज ऑर डिलीट नेटवर्क लोकेशन्स"मधून सुटतो.

कार्ड परत बसवल्यावर विंडोजने स्वतःचा ड्रायव्हर लावला आणि त्याच्या आयएनएफच्या नावात ओईएम नसलं, तर तो विंडोजसोबत आलेला आहे. तो काढायची गरज नाही. लॅन चालत असेल तर तोच ठेवा.

पेनड्राइव्हवरचा नवा ड्रायव्हर टाकल्यावर डिजिटल सही तपासता येत नाही असा संदेश आला तर ड्रायव्हर बिघडलेलाच असेल असं नाही. नव्या ड्रायव्हरांची सही एसएचए-२ पद्धतीची असते आणि अपडेट न झालेल्या विंडोज ७ ला ती वाचता येत नाही. केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९ ही दोन अपडेट या क्रमाने टाका. नाहीतर त्याच कार्डाचा थोडा जुना ड्रायव्हर घ्या. विंडोज ७ ची मदत (एक्स्टेंडेड सपोर्ट) १४ जानेवारी २०२० ला संपली, त्यामुळे ही अपडेट दुसऱ्या पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या कॅटलॉगमधून उतरवून पेनड्राइव्हने आणावी लागतात.

एक्सपी_परळी

आमच्याकडच्या काट्यावर एक्सपी आहे. तिथेही हेच चालेल का?

लॅनवाला_नांदेड

हिडन नोंदींचा भाग तसाच चालतो, पुढे फरक आहे. एक्सपीत पीएनपीयुटिल नाही आणि अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर डिलीट करायची टिकही नाही. नोंदी काढल्यावर विंडोज फोल्डरातल्या आयएनएफमध्ये (हे फोल्डर लपलेलं असतं) ओईएम*.आयएनएफ फाइली नोटपॅडमध्ये उघडून कार्डाचा नंबर शोधा. रिअलटेकचा व्हेंडर नंबर १०ईसी आहे, जुन्या १०० एमबीपीएस कार्डावर पुढे बहुतेक ८१३९ असतं. ज्या ओईएम क्रमांकात तो सापडेल त्याची .आयएनएफ आणि .पीएनएफ (त्याचीच विंडोजने बनवलेली प्रत) दोन्ही दुसऱ्या फोल्डरात हलवा, लगेच डिलीट करू नका. कार्ड लावल्यावर एक्सपी कुठला आयएनएफ उचलतंय ते विंडोज फोल्डरातल्या सेटअपएपीआय.लॉगच्या शेवटी दिसतं. विंडोज ७ मध्ये हीच माहिती आयएनएफ फोल्डरातल्या सेटअपएपीआय.डेव्ह.लॉगमध्ये मिळते.

आणि सेलूच्या दादांना: काट्यापासून ऑफिसपर्यंत उघड्यावरून तांब्याची लॅन वायर गेली असेल तर पुढच्या मेमध्ये हेच कार्ड जाईल. तेवढ्या तुकड्यात फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची लॅन वायर जोडणारी डबी) लावा. फायबर धातूचं चिलखत नसलेलं घ्या, म्हणजे विजेचा धक्का केबलमधून पीसीत येत नाही. १०० मीटरपेक्षा लांब अंतर असेल तर तांब्याची वायर तशीही चालत नाही.