विटांची थप्पी म्हणजे कला? मिनिमलिझम कोणी नीट सांगेल का

घोडबंदरकर
मुलीला आर्टच्या क्लासमध्ये मिनिमलिझमवर (अगदी साधे आकार, कमीत कमी घटक वापरणारी कला) लिहून आणायला सांगितलंय. अमेरिकन शिल्पकार कार्ल आंद्रेच्या 'इक्विव्हॅलंट ८' चा फोटो बघितला, १२० विटा, दोन थर, एक आयत, संपलं. आमच्यासमोर टॉवरचं काम चालूए तिथे अशा थप्प्या रोज दिसतात. चेष्टा नाही करत, खरंच समजून घ्यायचंय, लंडनच्या टेट गॅलरीने हे विकत का घेतलं असेल?

ऐरोलीची रेघ
घेतलं १९७२ ला, आणि १९७६ मध्ये पेपरात आल्यावर लंडनमध्ये बोंबाबोंब झाली, जनतेचा पैसा विटांवर म्हणून, एकाने तर त्यावर निळा रंग टाकला. पण एकट्या फोटोवरून काही कळणार नाही हो. १९६६ ला न्यूयॉर्कमध्ये अशा आठ रचना एकत्र मांडल्या होत्या, प्रत्येकीत १२० विटा, प्रत्येक दोन थरांची. एका थरात ६०, म्हणजे ३×२०, ४×१५, ५×१२ किंवा ६×१०, आणि विटेची लांब बाजू कोणत्या दिशेला ठेवली यावरून प्रत्येकाचे दोन आकार. घनफळ सगळ्यांचं सारखं, पण एक लांबलचक पट्टा दिसतो तर दुसरा आटोपशीर. सिमेंट नाही, चौथरा नाही, थेट जमिनीवर, तुम्ही मधून चालायचं. आणि त्याआधी आंद्रे काही वर्षं पेनसिल्व्हेनिया रेलरोडवर ब्रेकमन होता, सारखे डबे एकामागे एक लावायचं काम, ते मला यात दिसतंच.

वाशी सेक्टर १७
मला नाही पटत. आणि हे फक्त पेपरवाल्यांचं म्हणणं नाही, मायकल फ्रीडसारख्या मोठ्या समीक्षकाने १९६७ मध्येच 'आर्ट अँड ऑब्जेक्टहूड' मध्ये लिहिलं की असली कला नाटकाकडे झुकते, बघणारा तिथे असल्याशिवाय वस्तूला काही अर्थच उरत नाही.

ऐरोलीची रेघ
हो, पण बघा ना, फ्रीडने दोष म्हणून जे सांगितलं तेच यातलं सगळ्यात नेमकं वर्णन आहे! तुम्ही, खोली, तुमचं चालणं, हे सगळं धरूनच काम पूर्ण होतं. पुढे इन्स्टॉलेशनवाल्यांनी, म्हणजे अख्खी जागाच कलाकृती म्हणून मांडणाऱ्यांनी, तिथूनच वाट काढली. त्याच्या विरोधाबद्दल मला आदर आहे, कारण त्याने नीट बघितलं होतं.

आणखी एक, १९६६ च्या विटा विकल्या न गेल्याने वीटवाल्याकडे परत गेल्या, टेटमधल्या १९६९ ला नव्या घेतलेल्या, भट्टीच्या आतून लावतात तसल्या उष्णतारोधक विटा आहेत. म्हणजे टिकली ती मांडणी.

घोडबंदरकर
हे कोणी सांगितलंच नव्हतं! तिला काड्यापेट्या घेऊन आठही आकार जमिनीवर मांडायला लावतो, मग फ्रीडचं वाचून दाखवतो, लिहिणं त्यानंतर.