मदत हवी आहे: आईच्या आमवातावर 'नॅनो चांदी'चं पाणी द्यावं का?

नमस्कार मंडळी, आम्ही चोपड्याकडचे. आई ६१ वर्षांची, चार वर्षांपासून आमवात, म्हणजे रूमेटॉइड. सकाळी तासभर बोटं मिटत नाहीत. खापरावर मांडे करणारी बाई आता चहाचा कपही दोन्ही हातांनी धरते. त्यावर डॉक्टरांची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा चालू आहे.

आता एका नातेवाइकाने बाटली आणून दिलीय. निर्गुडीच्या पाल्यापासून केलेली 'नॅनो चांदी', रोज दोन चमचे. (वर सल्ला, इंग्रजी गोळ्या बंद करा!) भाचा एमएस्सी करतोय. तो म्हणतो, पाल्याचा अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या, म्हणजे चांदीच्या क्षाराच्या, पाण्यात घातला की पाणी तपकिरी होतं, चांदीचे १०० नॅनोमीटरहून बारीक कण तयार होतात, हे खरंच आहे. उंदरांच्या पंजाची सूज उतरल्याचे प्रयोगही आहेत. पण उंदीर वेगळा, आई वेगळी. चांदी अंगात साठत गेली तर कातडी कायमची निळसर-करडी पडते, हेही त्यानेच सांगितलं. बाटलीवर ना प्रमाण, ना परवाना क्रमांक.

गोळ्या बंद करणार नाही, ते ठरलंय. पण आई रोज त्या बाटलीकडे बघते, तिला कसं समजवायचं? कुणाच्या घरी असं झालंय का? आणि जळगाव-धुळ्याकडे खास संधिवाताचे डॉक्टर कोण, कोणत्या वारी बसतात?