मदत हवी आहे: कार्डिनल बर्नार्डिन पुरस्काराचं शिफारसपत्र

अमेरिकेतल्या आमच्या पॅरिशमधल्या (स्थानिक चर्चच्या समुदायातल्या) एका तरुण कार्यकर्तीचं नाव कार्डिनल बर्नार्डिन न्यू लीडरशिप पुरस्कारासाठी सुचवायचं आहे. वयाची अट १८ ते ४०, त्यात ती बसते. तिची संमती आहे, फादरांचंही पाठबळ आहे.

पुरस्कार देणाऱ्या कॅथलिक कॅम्पेन फॉर ह्यूमन डेव्हलपमेंटचा (अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांचा गरिबीविरोधी उपक्रम) भर दानधर्मापेक्षा गरिबांनी स्वतः पुढाकार घेण्यावर असतो. तिचं काम नेमकं तेच! तिने संघटित केलेले भाडेकरू आता स्वतःच बैठका चालवतात, घरमालकाशी बोलतात. माझ्या मते हीच तिची खरी कमाई. कामांची यादी देणारा मसुदा करून पाहिला, पण त्यात हे भाडेकरू कुठे दिसतच नाहीत.

अशी पत्रं लिहिलेल्यांनी कृपया सांगावं: भाडेकरूंची मनोगतं वेगळी जोडावीत, की पत्रातच गुंफावीत?