विषय: आई-बाबांना घेऊन एक दिवस कामाकुरा

नमस्कार मंडळी,
आई-बाबा साताऱ्याहून आलेत. शनिवारी त्यांना तोक्योजवळच्या कामाकुराला न्यायचा विचार आहे. आईचा गुडघा दुखतो, आणि ती पक्की शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाबा मासे खातात, पण आईसमोर जरा दबकून. काय बघावं, कुठे खावं?
– निशी-कासाईहून

*

अगं, शनिवार टाळता आला तर टाळ. तिथली एनोदेनची ती इवलीशी गाडी सुट्टीच्या दिवशी इतकी भरते की आपल्या विरार लोकलची आठवण यावी. मधल्या वारी रजा टाक. तोक्यो स्टेशनवरून योकोसुका लाइनने तासाभरात पोचशील. ग्रीन कारचे (जादा भाड्याच्या डब्याचे) पैसे सुइकावर, म्हणजे प्रवासाच्या कार्डावर, आधीच भर. गाडीत चढून भरलेस तर जास्त पडतात. जागा राखीव नसते, पण आईंना बसायला मिळण्याची शक्यता जास्त.

खाण्याचं नीट ऐक. बटाटवड्याचा भाऊ समजून कोरोक्के घेऊ नकोस, बहुतेकांत मांस असतं. कबुतराच्या आकाराची हातो साबुरे बिस्किटं सगळे घरी नेतात, त्यांत अंडं आहे. जांभळ्या रताळ्याचं सॉफ्ट क्रीम अंडं नाही ना विचारून घे, कुसामोची (तांदळाचा हिरवा गोड गोळा) बिनधास्त. सूप मात्र विचारल्याशिवाय नाही! मागे माझ्या सासूबाईंनी एका ठिकाणी 'फक्त भाज्यांचं' सूप चाटूनपुसून संपवलं आणि मग कळलं, दाशी (सूपचं मूळ पाणी) बोनितो माशाची. तीन दिवस अबोला. म्हणून हे वाक्य पाठ कर: 'कात्सुओदाशी वा हाइत्ते इमासु का?' म्हणजे, यात बोनितोची दाशी आहे का?
– योकोहामाची ताई

*

ताईंच्या पत्रात एक राहिलं: केनचिनजिरू. मुळा, गाजर, गोबो (एक लांबट कंद), तोफू तिळाच्या तेलावर परतून केलेलं सूप. 1253 सालच्या केन्चोजी मठात ते जन्मलं असं सांगतात. मठाच्या रीतीने केलं तर दाशी कोंबू (समुद्रशेवाळ) नि शिताके (अळंबी) यांची असते. हॉटेलात मात्र ताईंचं वाक्य वापरायचंच.

हाचिमानगूच्या मुख्य देवळाला 61 पायऱ्या आहेत, तेव्हा आईंना खालूनच नमस्कार करू दे. त्या पायऱ्यांशेजारचा जुना गिंको वृक्ष 2010 च्या मार्चमध्ये वाऱ्याने उन्मळून पडला, आता त्याच्या बुंध्याला नवे धुमारे आहेत. मला मुख्य देवळापेक्षा तेच बघायला आवडतं, असो.

दाइबुत्सु, म्हणजे मोठा बुद्ध, सकाळीच उरका. हासे स्टेशनपासून सपाट रस्ता आहे. 11.3 मीटर उंच, 121 टन काशाचा अमिदा बुद्ध. त्याच्यावरचं देऊळ वादळांनी नि समुद्राच्या लाटेने नेलं असं सांगतात, तेव्हापासून तो उघड्यावर. 50 येन देऊन पोटात शिरता येतं, ओतकामाचे सांधे आतून दिसतात. जिना अरुंद आहे, आईंना बाहेर बसवा. आवारातच श्रीलंकेच्या (तेव्हाचं सिलोन) जयवर्धनेंचं स्मारक आहे, तिथे थांबा. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1951 च्या सॅन फ्रान्सिस्को शांतता परिषदेत वैराने वैर शमत नाही हे बुद्धवचन सांगून त्यांनी सिलोनतर्फे जपानकडची नुकसानभरपाई नाकारली होती.

आणि झेनिआराई बेन्झाइतेनचं देऊळ सोडू नका! बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वतीच. चढ उभा आहे, टॅक्सी करा. बोगद्यातून आत गेलं की गुहेतल्या झऱ्यात लोक टोपलीत पैसे धुतात. धुतलेले पैसे वाढतात म्हणे. ते जपून ठेवायचे नसतात, खर्च करायचे.
– कावासाकीचे काका

*

ताई, काका, मनापासून आभार. रजा टाकून मंगळवारी जाऊन आलो.

बाबा बुद्धाच्या पोटात शिरले आणि वीस मिनिटं बाहेरच येईनात. ओतकाम कसं केलं असेल ते बाहेर येऊन आईला जयवर्धनेंच्या दगडासमोर समजावत बसले.

जेवायला पहिल्या हॉटेलात ते वाक्य म्हटलं, बाईंनी वाकून माफी मागितली: हाइत्ते इमासु, म्हणजे आहे. दुसऱ्यात नव्हती. आईने केनचिनजिरू दोनदा घेतलं, वर म्हणाली, 'फोडणी तेवढी राहिली.' बाबांनी शेजारच्या टेबलावरची शिरासूची वाटी बघून 'जवळा का?' विचारलं. कोलंबी नव्हे, माशांची पिल्लं आहेत म्हटल्यावर आईकडे बघून गप्प बसले. मग युइगाहामाच्या किनाऱ्यावर गुपचूप सामन माशाची ओनिगिरी (भाताचा गोळा) काढली, तर घारीने पाठीमागून येऊन हातातून उचलली! पाट्या लावलेल्या होत्या तिथे, वाचल्या कोणी? आईला इतकं हसू आलं की गुडघा विसरली. (कोमाची रस्त्यावर चालताना खाऊ नका अशी 2019 पासून नगरपालिकेची विनंती आहे, दंड नाही, घार मात्र दंड घेते.)

गुहेत आईने टोपलीत नाणी घातली, हजाराच्या नोटेचं फक्त टोक भिजवलं, उदबत्तीच्या धुरावर वाळवलं. मग मला म्हणाली, 'पण सरस्वतीकडे पैसे का मागायचे? ते खातं लक्ष्मीचं ना?' काका, यावर उत्तर असेल तर कळवा.

नाणी परतीच्या वाटेवर सॉफ्ट क्रीममध्ये गेली. नोट खर्च करायला ती काही केल्या तयार नाही. साताऱ्याला नेणार म्हणते.
– निशी-कासाईहून