अनुभव धागा: कॉलेजच्या दिवसांत काय पाहिलंत, काय ऐकलंत, कसे बसलात?

होस्टेल_तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. मी मूळचा औशाचा, सध्या पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. आमच्याकडे कार्यक्रम म्हटलं की सप्त्यातलं कीर्तन, गणपतीतला ऑर्केस्ट्रा आणि शाळेचं गॅदरिंग. पुण्यात रूम पार्टनर निघाला कलामंडळातला. त्याच्या मागं मागं फिरलो आणि मग एकटाच फिरायला लागलो. बालगंधर्वच्या कलादालनात फोटोंची प्रदर्शनं, लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हमध्ये जुने सिनेमे, सुदर्शनला छोट्या जागेतली नाटकं, डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव.

सगळं कळलं असं मुळीच नाही. पण एक लक्षात आलं, दर ठिकाणी बसायची रीत वेगळी असते आणि ती कुणी शिकवत नाही. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘अरे आव्वाज कुणाचा’ने कानठळ्या बसल्या. मला वाटलं, आता नाटकभर हेच चालणार. तिसरी घंटा झाली, अंधार झाला आणि तीच पोरं एकदम चिडीचूप. शेजारच्याची चप्पल वाजली तरी मागून ‘श्श’.

सवाईला उलटं. तिथं भारतीय बैठकीचं तिकीट काढलं, कारण खिशाला तेच परवडतं. शेजारी एक आजोबा होते, शाल, मंकी कॅप, पुढ्यात स्टीलचा डबा. विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला एकताल चालू होता. मला त्यातलं काही कळेना, म्हणून मी आजोबांच्या हाताकडे बघत बसलो. बोटं मांडीवर हलकेच पडायची, मधे हात उलटा व्हायचा आणि समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, तळवा उघडून वर जायचा. बारा मात्रांचं एक आवर्तन, पण घड्याळ लावलं तर जवळजवळ मिनिटभर! इतक्या लांब दोरीवर गायक कुठंही भटकून बरोबर त्या ठिकाणी येतो आणि हजारो माना एकाच वेळी हलतात, हे मला एखाद्या जोडणीसारखं दिसलं. राग कोणता होता ते आजोबांनाच विचारलं. म्हणाले, ‘मुलतानी. आधी ऐक, नाव नंतर.’ आणि डब्यातली चकली पुढे केली.

तर धाग्याचं आमंत्रण असं: कॉलेजात असताना तुम्ही जे काही पाहिलंत ते लिहा. समीक्षा नको. कुणाबरोबर गेलात, तिकिटाचं कसं जमवलंत, आजूबाजूचे लोक कसे होते, ते लिहा.

वडशाकडचा

नागपुरात शिकतो, गाव देसाईगंज-वडशाच्या जवळ. आमच्याकडे दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. मधली काही वर्षं पट बंद होते, २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली तेव्हा गावात फटाके फुटले. नाटकावर मात्र तशी बंदी कधी नव्हती. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावातली मंडळं तिथं जाऊन तारखा घेतात.

रात्री दहा-अकराला पडदा वर जातो, संपतं तेव्हा कोंबडं आरवत असतं. सामाजिक नाटक, मधे गाणी, मधे लावणी, एक विनोदी पात्र जे कथानकाशी संबंध नसताना येऊन जातं आणि त्याच्याशिवाय नाटक पूर्ण होत नाही. घरोघर पाव्हणे. लग्नाच्या गोष्टी ह्याच रात्री निघतात, कारण सगळे नातेवाईक एका मांडवात सापडतात. आमच्या गावात एखादा प्रवेश आवडला की कोणीतरी चिठ्ठी पाठवतं आणि नट मेल्याचं सोंग घेऊन पडलेला असताना माईकवरून बक्षिसाची घोषणा होते.

नागपुरात मित्रांनी एका प्रायोगिक नाटकाला नेलं. तासाभरात संपलं! मी चहा प्यायला म्हणून उठलो, तर लोक घरी निघाले होते. नाटक चांगलं होतं, खरंच. पण ‘हे खरं आणि ते गावठी’ असं कोणी म्हटलं की डोकं फिरतं. आमच्या झाडीपट्टी रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री जाहीर झाली तेव्हा माझ्या वर्गातल्या अर्ध्या लोकांनी विचारलं, झाडीपट्टी कुठे आली? नागपूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आली, बाबांनो.

रमणबागेतली

माझं कॉलेज ऐंशीच्या दशकातलं, तेव्हा मी इथे लिहावं की नाही कळेना. पण सवाईचा विषय निघाला, राहवलं नाही.

१९५३ साली भीमसेनजींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा उत्सव आम्ही पाहिला तो रमणबाग शाळेच्या मैदानात, आणि तोही रात्रभर. घरून परवानगी एकाच अटीवर, मामा बरोबर हवा. मामा साडेबाराला घोरायला लागायचा, त्यामुळे अट नावापुरती. आम्ही मैत्रिणी एका रगात चौघी. थर्मासमधला चहा दोनपर्यंत संपायचा, मग मैदानाबाहेरच्या टपरीवर. तीनच्या सुमाराला मैदानाचं एक वेगळंच रूप असायचं, निम्मे लोक झोपलेले, पण झोपेतही ‘वाह’ म्हणणारे. आणि मग ललत, तोडी. उजाडता उजाडता तोडी ऐकणं म्हणजे काय, हे मी माझ्या मुलीला सांगू शकत नाही, कारण ध्वनिवर्धकांचे नियम आल्यापासून ती रात्रच राहिली नाही. शेवटी भीमसेनजी गात आणि त्यानंतर सवाई गंधर्वांची भैरवीतली ध्वनिमुद्रिका लावत. तोवर कोणी जागचं हलत नसे.

नियमांबद्दल तक्रार नाही, मैदानाशेजारी राहणाऱ्यांनाही झोप लागतेच. आणि होस्टेलवाल्या मुला, दुपारी सुरू होतं म्हणूनच तुला मुलतानी मिळाला. आमच्या रात्रींत दुपारचे राग कुठले! चकलीवाले आजोबा आमच्याच पिढीतले असणार, खाणं वाटायची सवय तिथलीच.

बदलापूर_फास्ट

मी कॉमर्सचा. कॉलेज चर्चगेटजवळ, घर बदलापूरला. लेक्चर संपल्यावर गर्दीची गाडी टाळायची म्हणून वेळ काढायला जहांगीरमध्ये जायचो. १९५२ पासूनची गॅलरी, प्रवेश फुकट आणि आत एसी. खरं कारण एसीच होतं, उगाच कशाला लपवायचं.

सुरुवातीला दाराशी पाय अडायचे. आपण विकत घेणारे नाही हे कपाळावर लिहिलेलं आहे असं वाटायचं. मग दिसलं की अर्धे लोक माझ्यासारखेच. काही चित्रांखालच्या पट्टीवर छोटी लाल टिकली चिकटवलेली असते, म्हणजे चित्र विकलं गेलं. मी आधी टिकल्या मोजायचो आणि चित्रकारासाठी हळहळायचो.

एकदा एका प्रदर्शनात चित्रकार स्वतः कोपऱ्यातल्या खुर्चीवर डबा खात होते. चपाती-भेंडी. मी एका मोठ्या कॅनव्हाससमोर नाक लावून उभा. ते खाता खाता म्हणाले, ‘आता मागे जा. अजून. अजून.’ मी पार समोरच्या भिंतीला टेकलो तेव्हा त्या राखाडी फटकाऱ्यांतून खाडी आणि तिच्यावरचा पूल वर आला. कुठून आलास विचारलं. बदलापूर म्हटल्यावर हसले, ते अंबरनाथचे. कॅनव्हास त्यांनी लगेजच्या डब्यातून आणले होते, मासळीच्या टोपल्यांशेजारी उभे करून. मग अर्धा तास आम्ही चित्रकलेवर नाही, मध्य रेल्वेवर बोललो.

रस्त्यापलीकडे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे, तिथं तिकीट आहे पण जा. वर घुमटापर्यंत चढत जाणारी अर्धगोल दालनं आहेत, चित्रं आवडली नाहीत तरी इमारत पैसे वसूल करते. फेब्रुवारीतल्या काळा घोडा फेस्टिव्हलला मात्र मी जात नाही. चित्रं दिसत नाहीत, चित्रांपुढे फोटो काढून घेणारे दिसतात.

नाव_नको

आमच्या कॉलेजात सांस्कृतिक कार्यक्रमाला बसलं नाही तर हजेरी कापतात. एका ज्येष्ठ गायिकेचं गाणं चालू असताना दारावर शिपाई उभा, बाहेर कोणाला सोडेना. त्या दिवसापासून आमच्या बॅचमधल्या निम्म्या जणांनी शास्त्रीय संगीताचा धसका घेतलाय. एवढंच.

कुडाळचो

आमच्या हय नाटक म्हणजे दशावतार. जत्रेची रात्र, देवळासमोर मांडव, आधी आड दशावतारात गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर, मग आख्यान. पायपेटी, मृदंग, झांज. रंगमंचावर एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच पलंग. संहिता लिहिलेली नसते. कथा ठरते, संवाद तिथल्या तिथे.

रत्नागिरीला कॉलेजात असताना एका मित्राला गावी घेऊन आलो. त्याला आधी मांडवामागे नेलं. दुपारी शेतात दिसलेला माणूस छोटा आरसा गुडघ्यावर धरून स्वतःचं तोंड रंगवत होता, ओठात कपड्याच्या पिना, एकीकडे दुसऱ्या नटाशी खताच्या भावावर चर्चा. मग नऊवारी चापूनचोपून नेसला, गजरा माळला आणि उठून उभा राहिला तो चालच बदलून. मित्र मला म्हणतो, ‘आत्ता इथे बसलेला माणूस कुठे गेला?’ रात्रभर तो राणीच्याच मागे बघत होता.

विंगेतली

प्रेक्षकांचं बरंच झालं, जरा मागचंही ऐका. मी फिरोदिया करंडकाला आमच्या टीममध्ये होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ह्या स्पर्धेत एकाच सादरीकरणात नाटक, नाच, गाणं, वादन, चित्र, शिल्प सगळं गुंफायचं. म्हणजे नायक मरत असताना मागे कोणीतरी मातीचं डोकं घडवत असतं. चांगलं जमलं तर अंगावर काटा येतो, नाही जमलं तर लग्नाचं कार्यालय. आमचं दुसऱ्या प्रकारातलं होतं. माझं काम पडद्याआड ओल्या मातीवर फडकं धरून बसायचं, त्यामुळे स्पर्धा मी अक्षरशः ऐकली.

पुरुषोत्तमबद्दल: २०२२ ला परीक्षकांनी मानाचा करंडक कोणालाच द्यायचा नाही असं ठरवलं. केवढा गदारोळ झाला होता! माझं मत असं की तो त्यांचा अधिकार होता आणि त्यांनी तो वापरला हे चांगलंच झालं. आता ज्यांना भांडायचंय त्यांनी भांडा.

टेम्सकाठची

कुडाळच्या बाकड्यावरून आठवलं. लंडनला मास्टर्स करताना ग्लोब थिएटरला गेले. शेक्सपिअरच्या काळातल्या थिएटरसारखं नव्याने बांधलेलं, १९९७ ला सुरू झालं. मधल्या अंगणाला छप्पर नाही, तिथं उभं राहायचं तिकीट माझ्या वेळी पाच पाउंड. प्रयोग चालू असताना खाली बसायचं नाही आणि पाऊस आला तर छत्री उघडायची नाही, मागच्याला दिसत नाही म्हणून. पाऊस आलाच. माझ्या बाजूला एक नायजेरियन मुलगी, आम्ही दोघी रेनकोटची एकमेकींशी अदलाबदल करत उभ्या. राजा गर्दीतून वाट काढत रंगमंचाकडे गेला, जाता जाता त्याचा ओला झगा माझ्या हाताला लागला. इंग्रजी निम्मंच कळलं. पाय दुखले ते मात्र पूर्ण. तरी पुढच्या महिन्यात परत गेले, तेव्हा मध्यंतरात टेकायला भिंत मिळेल अशी जागा आधी पकडली.

होस्टेल_तिसरा_मजला

@विंगेतली, करंडकाचं भांडण स्वतंत्र धाग्यावर काढा, इथं पाचशे प्रतिसाद होतील.

@नाव_नको, वाईट वाटलं वाचून. सवाई सोडा, साताऱ्याजवळ औंधला आश्विनात गाण्याचा उत्सव असतो, १९४० पासूनचा. मी यंदा जायचं म्हणतोय. तिथल्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पसुद्धा. पुण्याहून येणार असशील तर सांग, दोघं मिळून एसटीने जाऊ. तिथं दारावर शिपाई नसतो.

@वडशाकडचा, दिवाळीच्या सुट्टीत मंडईला यायचं तर राहायची सोय?

वडशाकडचा

ये की. मंडईत घरात इतके पाव्हणे असतात की एक वाढला तर आईलाही कळत नाही. फक्त दुपारी झोपून घे आणि स्वेटर आण, धानाच्या बांध्यांवरून पहाटे जो वारा येतो तो पुण्यातला नसतो. आणि पुढे बसायचं असेल तर आठलाच सतरंजी टाकून ठेवावी लागते, ते मी बघतो.