मदत हवी आहे: ट्रकखालून ठक्क आवाज, शाफ्टला प्ले. क्राऊन-पिनियन गेलं का?

अर्धा_क्लच
जुना ट्रक आहे. पहिला टाकून क्लच सोडला की खालून ठक्क. रिव्हर्सला टाकला की परत ठक्क, जरा मोठा. खाली शिरून शाफ्ट हाताने फिरवला तर बोटभर मोकळा फिरतो. मेकॅनिक म्हणतो डिफ्रन्शियल, म्हणजे मागच्या एक्सलमधला गिअरचा डबा, खोलू. एवढंच सांगा, त्यातलं क्राऊन-पिनियन (मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) बदलावं लागेल की शिम (पातळ चकती) टाकून भागेल? गाडी रोज लागते, लवकर उत्तर द्या.

गंजका_नट
कुठला ट्रक, किती चाललाय, शाफ्ट एक तुकडा की दोन, फोर बाय फोर आहे का? "जुना ट्रक" यावरून नवा नाही एवढंच कळलं.

अर्धा_क्लच
मॉडेलने काय फरक पडतो? पुढे इंजिन, मागे स्प्रिंगचे पाटे, मध्ये शाफ्ट. मीटर कधीचा बंद आहे. शाफ्ट दोन तुकडे, मध्ये बेअरिंग. फोर बाय फोर नाही.

तेलकट_हात
फरक नाही कसा? दोन तुकडे म्हणजे तीन क्रॉस (शाफ्टचे वळते सांधे), सेंटर बेअरिंगचं रबर आणि सरकती स्प्लाइन (एकात एक सरकणारा दातेरी जोड). ठक्क करणारे पाच संशयित इथेच झाले, आणि तुम्ही थेट डिफ्रन्शियलचं हौसिंग खोलायला निघालात. बोटभर प्ले कुठे मोजला? गिअरमध्ये की न्यूट्रलमध्ये?

जाड_ऑइल
हौसिंगमध्ये १४० नंबरचं तेल भरा. माझी गाडी तीन वर्षं तशीच चालतेय, आवाज नाही.

तेलकट_हात
जाड तेलाने घुंई दबते, ठक्क नाही.

पाटा_सरळ
माझंही हौसिंग असंच खोलायला निघाले होते, म्हणून सविस्तर लिहितो. चाकाजवळचा प्ले शाफ्टवर मोठा होऊन दिसतो. रेशो ४.१ असेल (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१) तर एक्सलच्या दात्यांत आणि आतल्या छोट्या गिअरांत मिळून ३ अंशांची ढिलाई असली तरी शाफ्ट १२ अंश फिरतो. बघणाऱ्याला वाटतं सगळं संपलं. शिवाय नव्या कोऱ्या डिफ्रन्शियलमध्येही क्राऊन-पिनियनमध्ये फट मुद्दाम ठेवलेली असते, हलक्या ट्रकना साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी. शिम टाकून ती संपवायला गेलात तर दात तापून खराब होतील.

आधी क्रॉस बघा. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मग न्यूट्रल, मग हँडब्रेक खाली. एका हातात क्रॉसच्या अलीकडचं योक (क्रॉस धरणारा दुहेरी कान), दुसऱ्यात पलीकडचं, आणि उलटसुलट पिळा. एक आधी हललं आणि दुसरं मागून आलं तर तो क्रॉस गेला. क्रॉसच्या टोकांवरच्या कपाच्या कडेला विटकरी भुकटी दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्या समजा. मग पिनियनचा फ्लँज (शाफ्ट जिथे हौसिंगला जोडतो ती चकती) धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. तिथे जरा जरी हालचाल लागली तर हौसिंगचं बोलू.

शब्दवेडा
अवांतर: 'प्ले'ला मराठी शब्द नाही का? 'खेळ' म्हणता येईल.

गंजका_नट
गॅरेजात "शाफ्टला खेळ आलाय" म्हणा, पोरं पत्ते काढून बसतील.

स्प्लाइनवाला
ग्रीस मारलंय का कोणी विचारलंच नाही. गाडी थांबता थांबता ठक्क येत असेल तर सरकती स्प्लाइन कोरडी असते, अडकते आणि एकदम सुटते. ग्रीस मारा, नाहीतर तिन्ही क्रॉस एकदमच बदलून टाका.

तेलकट_हात
आवाज थांबताना येतो असं ते कुठे म्हणालेत? आणि न बघता तिन्ही का बदलायचे? शाफ्ट काढायची वेळ आलीच तर स्प्लाइन सुटण्याआधी दोन्ही बाजूंवर रंगाची एकच रेघ ओढा. एक दाता इकडचा तिकडे बसला तर ठक्क जाईल आणि थरथर येईल. शिवाय शाफ्ट उतरवल्यावर गिअर टाकून गाडी थांबत नाही. हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या ड्रमवर असेल तर तोही कामाचा नाही. ठोकळे विसरू नका.

अर्धा_क्लच
बघितलं. मागच्या क्रॉसला भुकटी आहे, पिळल्यावर किंचित खट लागते. पुढचे दोन ठीक. सेंटर बेअरिंगचं रबर शाबूत. पिनियन अजिबात हलत नाही. पण एवढ्याशा खटीतून एवढा ठक्क?

पाटा_सरळ
शंका बरोबर आहे. प्ले आणि आवाज एकाच जागेचे असतीलच असं नाही. कोणालातरी केबिनमध्ये बसवा. ब्रेक दाबून पहिला आणि रिव्हर्स आलटून पालटून, क्लच फक्त चावेपर्यंत सोडायचा. तुम्ही खाली जाऊ नका, मोबाइल जमिनीवर ठेवून बाजूने शूट करा.

अर्धा_क्लच
भावाला बसवून केलं. हे विचित्र आहे. डाव्या बाजूला एक्सल पाट्याखाली पुढे-मागे सरकतो. बैठकीपाशी रंग घासून लोखंड चकचकीत झालंय. ठक्क त्याच क्षणी.

गंजका_नट
पाट्यांचं काम कधी केलं होतं?

अर्धा_क्लच
दोन महिन्यांपूर्वी मेन पाटा तुटला होता, तो बदलला. त्याचा काय संबंध? आवाज तर नंतर दोन-तीन आठवड्यांनी सुरू झाला.

गंजका_नट
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं राव.

पाटा_सरळ
नवा पाटा घातला की काहीशे किलोमीटरनंतर पाटे एक्सलला बांधणारे यू बोल्ट परत आवळावेच लागतात, पाट्यांची चवड दबते आणि बोल्ट सैल पडतात. वजन खाली असताना, आडव्या जोडीने थोडे थोडे आवळा. आटे ओढल्यासारखे वाटले तर बोल्ट नवेच घ्या. त्याआधी पाट्यांच्या चवडीतून जाणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात शाबूत आहे का ते बघा. तुटलं असेल तर एक्सल तिरका होतो, नुसतं आवळून उपयोग नाही.

अर्धा_क्लच
सेंटर बोल्ट शाबूत. एक नट पाऊण फेरा फिरला, दुसरा अर्धा. मोठा ठक्क गेला. बारीक खट आहे आणि शाफ्ट तेवढाच मोकळा फिरतो. म्हणजे क्राऊन-पिनियन पण?

तेलकट_हात
नाही. मागचा क्रॉस बदला आणि मग परत ऐका.

अर्धा_क्लच
दुकानात कुठला क्रॉस मागू?

तेलकट_हात
कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांच्या टोकांतलं अंतर कॅलिपरने घ्या. कप अडकवणारं लॉक योकच्या बाहेरून बसतं की आतून तेही बघा, दोन्ही प्रकार येतात. आणि आता तरी मॉडेल सांगा.