चिनी वैद्यांना ट्रायल करायला शिकवावं का?

हिरडा:
चिनी पारंपरिक वैद्यकावर बोलणं निघालं की गाडी ‘गुण येतो की नाही’ इथेच अडते. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: हे तपासायचं कोणी? माझ्या मते खुद्द वैद्यांनी, आणि त्यासाठी त्यांना क्लिनिकल रिसर्च, म्हणजे रुग्णांचे गट पाडून औषध पद्धतशीर तपासणारी ट्रायल, नीट शिकवायला हवा. ‘ट्रायल्स’ नियतकालिकात २००९ साली एक पाहणी आली होती. चिनी नियतकालिकांत ‘रँडमाइज्ड’, म्हणजे कोणता रुग्ण कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेले, म्हणून छापलेल्या अभ्यासांच्या लेखकांना थेट विचारलं, रुग्णांचे गट पाडले कसे? २२३५ अभ्यासांच्या लेखकांशी बोलणं झालं, त्यात खरोखर रँडमाइज्ड निघाले २०७. बाकीच्यांपैकी बहुतेकांना रँडमायझेशन म्हणजे काय हेच धड ठाऊक नव्हतं. पहिला रुग्ण या गटात, दुसरा त्या गटात, असं केलं की पुढचा कुठे जाणार हे वैद्याला आधीच कळतं. मग बरा होईलसा वाटणारा रुग्ण नेमका आपल्या औषधाच्या वाट्याला येतो. यात लबाडीच असेल असं नाही, शिकवलेलंच नसतं.

रांगेतला डॉक्टर:
असहमत. अर्धीच पाहणी सांगितलीत. त्यात आधुनिक औषधांचेही अभ्यास होते, आणि दोन्हींच्या दर्जात म्हणावा असा फरक सापडला नाही. म्हणजे दुखणं वैद्यांच्या अज्ञानाचं नाही. बढती संशोधनाच्या पेपरवर असेल तर पेपर निघणारच. कार्यशाळा घेऊन एवढंच होईल की तेच पेपर जास्त सफाईदार भाषेत येतील. आणि मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधून नोबेल मिळवलेल्या चिनी संशोधक तू यूयू यांचं नाव कोणी काढायच्या आत सांगतो: त्या औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या. गे होंग या प्राचीन चिनी वैद्याच्या जुन्या ग्रंथातून धागा मिळाला, पण आर्टेमिसिनिन हाती लागलं ते प्रयोगशाळेत, कमी तापमानाला ईथर वापरून. वैद्यांनी रुग्ण पाहावेत, ट्रायल ज्यांचं काम आहे त्यांनी करावी.

सिडनीकर:
त्याच तू यूयू बाईंनी १९५९ ते १९६२ पारंपरिक वैद्यकाचा अभ्यासक्रम केला होता, हे गाळू नका, डॉक्टर! जुना ग्रंथ कुठून उघडायचा हे त्याशिवाय कसं कळलं असतं?

आमच्या सिडनीत झालेली, १९९८ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापलेली ट्रायल पाहा. आयबीएस, म्हणजे पोटदुखी नि शौचाच्या तक्रारींचं आतड्याचं दुखणं असलेले ११६ रुग्ण, तीन गट: प्लासिबो (औषधासारखं दिसणारं, पण औषध नसलेलं), सगळ्यांना एकच ठरीव औषध, आणि वैद्याने प्रत्येकाला तपासून दिलेलं वेगळं औषध. उपचार चालू असताना दोन्ही औषधं प्लासिबोपेक्षा सरस ठरली, वैयक्तिक औषध ठरीवाच्या पुढे गेलं नाही. पण उपचार थांबल्यावर १४ आठवड्यांनी सुधारणा टिकली ती वैयक्तिक औषधाच्या गटात. एकाच दुखण्याच्या दोघांना वेगळं औषध, हा या वैद्यकाचा गाभा. तो तिसरा गट ठेवायचं नुसत्या सांख्यिकीवाल्याला सुचत नाही.

अवांतर: या औषधांचा प्लासिबो करणं हे वेगळंच प्रकरण आहे. तोच रंग, तोच वास, तोच कडूपणा हवा, आणि गुण मात्र शून्य. म्हणून कधीकधी त्यात खऱ्या औषधाचा थोडा अंश घालतात, मग तो प्लासिबो राहिला का, यावर वाद.

आकडेमोड:
नुसत्या सांख्यिकीवालीकडून :) सुचतं हो, कोणी विचारलं तर. बहुतेक वेळा माहिती गोळा झाल्यावर फाइल येते, ‘जरा पी-व्हॅल्यू काढून द्या’, म्हणजे असा निकाल निव्वळ योगायोगाने किती सहज आला असता तो आकडा. तोवर पीठ मळून झालेलं असतं, मीठ घालायची वेळ गेलेली.

मी हिरडाच्या बाजूने, पण निम्मी. वैद्यांना सांख्यिकी शिकवत बसू नका. प्रश्न नेमका मांडणं, निष्कर्षाचा निकष आधी ठरवून नोंदवणं, आणि गटवाटपाची यादी स्वतःच्या टेबलावर न ठेवणं, एवढं आलं तरी पुष्कळ. मेंदूतल्या रक्तस्रावावरच्या झोंगफंग शिंगनाओ या औषधाची ट्रायल २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. चीनमधली २६ रुग्णालयं, दीड हजारांवर रुग्ण, पुढाकार ग्वांगझूच्या पारंपरिक वैद्यकाच्या रुग्णालयाचा. औषधाचा फायदा दिसला नाही, आणि तसं छापलं.

रांगेतला डॉक्टर:
ती मोठी ट्रायल. ऑस्ट्रेलियाची संशोधन संस्था सोबत होती, पैसा होता. जिल्ह्याच्या रुग्णालयात दुपारपर्यंत रांग उपसणाऱ्या वैद्याचं काय?

हिरडा:
त्याने ट्रायल करूच नये. त्याला एवढंच शिकवा: एकच रुग्ण दोन वैद्यांनी वेगवेगळा तपासायचा, निदान लिहायचं, कागद जुळतात का पाहायचं. याला ना प्लासिबो लागतो ना अनुदान. निदानच जुळत नसेल तर वैयक्तिक औषधाची ट्रायल करणार कशाच्या जोरावर?

सिडनीकर:
आणि नाही जुळलं तर त्याचा वरिष्ठ ते छापू देईल?